चिमटा की लस?

इंदापूर तालुक्यातल्या भवानीनगरच्या साखर कारखान्याकडं गाळपाच्या हंगामात उसाच्या बैलगाड्या येतात. जुवाखाली मान देणारा यातला प्रत्येक बैल कधीकाळी खोंड होता. खच्चीकरणासाठी आपल्याकडं वर्षानुवर्षं बर्डिझोचा चिमटा चालत आला आहे. कातडी न फाडता वृषणाकडं जाणाऱ्या शिरा आतल्या आत चेचायच्या. काम क्षणांचं, दुखणं मात्र पुढं कितीतरी वेळ राहतं.

बारामतीजवळच्या एका गोठ्यात खिलार खोंडाला चिमटा लावायचं ठरलं आणि मामा-भाचीत वाद पेटला. भाची शिरवळच्या पशुवैद्यकीय महाविद्यालयात शिकते.

“मामा, याला लस आहे. मेंदूतून जीएनआरएच नावाचं संप्रेरक सुटतं. लस टोचली की शरीर त्याच्याविरुद्ध प्रतिपिंडं तयार करतं, टेस्टोस्टेरॉन उतरतं, वृषणं आक्रसतात. ऑस्ट्रेलियात डुकरांसाठी १९९८ मध्येच तिला परवानगी मिळाली. आपल्याकडं दिल्लीच्या राष्ट्रीय प्रतिरक्षा संस्थेत डॉ. तलवार यांनीही याच संप्रेरकावरच्या लशीचं काम केलं.”

“एकदा टोचली की झालं?”

“नाही. निदान चार आठवड्यांच्या अंतरानं दोन डोस. पुढंही द्यावे लागतात. प्रतिपिंडं ओसरली की जनावर पुन्हा माजावर येऊ शकतं.”

“मग चिमटाच बरा. एकदाच दुखतं.”

मामांचं म्हणणं उडवून लावण्यासारखं नाही. मांसासाठी पोसलेलं डुक्कर काही महिनेच जगतं, त्याला दोन डोस पुरतात. बैल वर्षानुवर्षं राबतो. शिवाय सुई चुकून टोचणाऱ्यालाच लागली, तर त्याच्याही प्रजननक्षमतेवर काही काळ परिणाम होऊ शकतो. भाचीनं हे कबूल केलं, पण ती हटली नाही.

“चिमटा लावला की माघार नाही. लशीचा परिणाम ओसरतो, म्हणून दर खेपेला तुम्हाला नव्यानं ठरवावं लागेल. मुक्या जनावराच्या देहाबद्दल एवढा विचार तरी आपण करायला नको?”

“आणि जर्सी-एचएफच्या गोऱ्ह्यांचं काय? खांदा नाही म्हणून औताला चालत नाहीत. २०१५ पासून बैल कापायला बंदी. लोक रात्री सोडून देतात. त्यांना दुसऱ्या डोसला कोण शोधून आणणार?”

भाची गप्प झाली. खरंच, नको असलेला नर सांभाळायचा कुणी, हा प्रश्न कुठल्याच औषधानं सुटत नाही. लिंगवर्गीकृत वीर्याच्या रेतनानं असे नर कमी जन्मतील. जन्मलेल्यांच्या चाऱ्याचा भार मात्र दुधावर जगणाऱ्या घरांवरच पडतो. तो एकट्या शेतकऱ्यानं का सोसावा, हे सरकारलाही विचारायला हवं.

१९६० च्या प्राणी क्रूरता प्रतिबंधक कायद्यानं, ठरलेल्या पद्धतीनं केलेलं खच्चीकरण क्रूरतेत धरलेलं नाही. त्या सवलतीच्या आड भूल न देता चिमटा लावणं मात्र पटत नाही. लस गोठ्यापर्यंत येईल तेव्हा येईल. जागा बधिर करणारं इंजेक्शन आणि वेदनाशामक आजही मिळतं.

“एवढं तरी करायचं ना, मामा?”

मामांनी खोंडाच्या वशिंडावरून हात फिरवला. “डॉक्टरांना फोन लाव. म्हणावं, भुलीचं औषध घेऊन या, त्याशिवाय चिमटा काढू नका.”

“आणि लशीचं?”

“ते तुझ्या सरांना विचार. औताच्या बैलाला किती वर्षं, किती डोस, किती पैसे, सगळं लिहून आण. मग बोलू.”