वाडा जळाला, बरं झालं?



चिखलीहून शनिवारवाडा काही लांब नाही. तरी पन्नाशी आली, आत पाय ठेवला नव्हता. बाप म्हणायचा, तिथं आपलं काय ठेवलंय? परवा सुट्टीला शेडवरचा एक पोरगा म्हणाला, चल, बघू तरी. तिकीट काढलं, आत गेलो.

आत वाडा नाहीच. दिल्ली दरवाजा आहे, हत्तीनं धडक देऊ नये म्हणून ठोकलेले खिळे आहेत, तट आहे, हजारी कारंज्याचा हौद आहे. बाकी नुसती जोती. 1730 साली पाया घातला. सागवान जुन्नरच्या जंगलाचं, चुना जेजुरीचा, दगड आपल्या चिंचवडच्या खाणीचा. 1828 ला आग लागली, लाकूड सगळं गेलं. पोरगा हसला. "बरं झालं. एक खिळाबी ठेवायला नको होता."

मीही हसलो. खोटं कशाला बोलू, छाती गार झाली. याच पेशव्यांच्या पुण्यात आपल्या माणसाच्या गळ्यात मडकं अन् कमरेला झाडू होता. बाबासाहेबांनी 1936 साली ते लिहून ठेवलंय.

पण हसू घशात अडकलं. मी चिखलीचा. कुदळवाडीत भंगाराची गोदामं पेटलेली पाहिलीत. मालक लांब उभा राहून फोनवर बोलतो. जळतं ते हमालाचं अंथरूण, त्याचं आधार कार्ड. 2025 च्या फेब्रुवारीत तिथं बुलडोझर फिरले, तेव्हाही मजुराचंच बिऱ्हाड रस्त्यावर आलं.

मग 1828 ला कुणाचं काय जळालं? दुसरा बाजीराव दहा वर्षांपूर्वीच शरण गेलेला. बिठूरला बसून वर्षाला आठ लाखांचं पेन्शन खात होता, 1851 पर्यंत आरामात जगला. वाडा इंग्रजाच्या ताब्यात. त्याच इंग्रजानं पुढं 1892 साली महारांची पलटणीतली भरती बंद केली. पेशवाईत विकत घेतलेल्या कुणबिणी राबत होत्या, त्यांच्या खरेदीच्या नोंदी दप्तरात आहेत. त्यातली एकही बाई या आगीनं सुटली नाही.

आपल्या तळेगाव-चाकणला आता कोरियन कंपन्या आहेत, म्हणून त्यांच्याकडची एक गोष्ट सांगतो. 1592 ला जपानी फौज आली, राजा सेऊल सोडून पळाला. त्यांच्याच दरबारी इतिहासात नोंद आहे, की लोकांनी आधी गुलामांचे कागद ठेवणारी कचेरी पेटवली. राजवाडेही जळाले. काय अक्कल होती बघा, आधी कागद! तरी गुलामी कायद्यानं गेली 1894 ला. मधल्या काळात थोरला राजवाडा परत बांधूनही झाला.

पोरगा चिडला. "म्हंजे तू पेशव्याची बाजू घेतो?"

नाही बाबा. राग आहे तिथंच आहे. पण आगीनं केलेलं काम आपल्या खात्यावर कसं मांडायचं? 1927 ला महाडला तळं बुजवा असं कुणी म्हटलं नाही. बाबासाहेब पायऱ्या उतरले अन् पाणी प्याले. त्या ओंजळीला जे धाडस लागलं, ते माझ्या हसण्याला कुठं लागलं?

पोरगा जोत्यावर बसला. दगडावर हात फिरवत म्हणाला, "हा चिंचवडचा? मग इथवर वाहिला कुणी?"

सगळे फलक पुन्हा पहिल्यापासून वाचले. नाव नाही सापडलं. वॉचमन शिट्ट्या मारायला लागला, तसे आम्ही मनपाकडं बस धरायला निघालो.