पत पणाला लावणारा दाता

मुंबईच्या भुयारी मेट्रोत मुंबई सेंट्रलजवळच्या स्थानकाला जगन्नाथ ऊर्फ नाना शंकरशेट यांचे नाव आहे. ग्रँट रोडला नाना चौक आहे, गिरगावात त्यांच्या नावाचा रस्ता आहे, टाउन हॉलमध्ये त्यांचा संगमरवरी पुतळा आहे. नाव देताना शहराने हात आखडता घेतलेला नाही. तरीही नानांनी मुंबईला नेमके काय दिले असे विचारले, तर बहुतेकांच्या तोंडी पहिली रेल्वे येते आणि यादी तिथेच आटोपते. रेल्वे महत्त्वाची आहेच. पण नानांच्या दानाचा खरा स्वभाव समजतो तो त्यांनी दिलेल्या इतर गोष्टींतून.

नानांचे मुरकुटे घराणे मूळचे मुरबाडचे, सराफी आणि व्यापारात मुंबईत नावारूपाला आलेले. जगन्नाथ यांचा जन्म 10 फेब्रुवारी 1803 चा. 1822 मध्ये वडील गेले आणि विशीही न गाठलेल्या मुलावर पेढीचा सगळा भार आला. त्याने तो असा पेलला की अरब आणि अफगाण व्यापारी आपले धन बँकांपेक्षा नानांच्या पेढीवर निर्धास्तपणे ठेवू लागले. परमुलखातल्या, परधर्माच्या माणसाने आपली पुंजी ज्याच्या हाती द्यावी, त्याची पत बाजारात काय असेल! ही पत राखायची तर माणसाने वादात पडू नये, सरकारशी बिनसू देऊ नये, जातभाईंना दुखवू नये. नाना आयुष्यभर नेमके याच्या उलट वागले. देणगीचा आकडा लिहून मोकळे होणे त्यांना सहज परवडले असते, पण प्रत्येक सार्वजनिक कामात ते आपली पतच पणाला लावत गेले.

मुलींच्या शाळेचे उदाहरण घ्यावे. एल्फिन्स्टन संस्थेतल्या विद्यार्थ्यांनी 1848 मध्ये स्टुडंट्स लिटररी अँड सायंटिफिक सोसायटी स्थापन केली आणि पुढच्याच वर्षी मुलींच्या शाळा काढल्या. शिकवणारे हे तरुणच होते, स्वतःचा अभ्यास आणि नोकरी सांभाळून विनावेतन शिकवणारे. उत्साहाला तोटा नव्हता. अडत होते ते जागेपाशी. शिकलेल्या मुलीला वैधव्य येते असे घराघरांतून बोलले जात होते. अशा वेळी मुलींचे वर्ग आपल्या छपराखाली कोण भरवू देणार? नानांनी गिरगावातल्या आपल्या वाड्यात मराठी मुलींच्या शाळेला जागा दिली.

जागा देणे ही आज किरकोळ गोष्ट वाटेल. पण पुण्यातही 1848 मध्ये जोतिराव आणि सावित्रीबाईंची शाळा भरली ती भिडेवाड्यात, म्हणजे कोणीतरी घराचा दरवाजा उघडला तेव्हाच. पैसे देणाऱ्याचे नाव वहीत राहते, त्याच्या घरी चार माणसे जाब विचारायला येत नाहीत. वाडा देणाऱ्याकडे मात्र सकाळी पाटी घेऊन येणारी प्रत्येक मुलगी सगळ्या आळीला दिसते. त्यात नाना स्वतः धार्मिक, देवदेव करणारे गृहस्थ होते. पाखंडी ठरवून त्यांना बाजूला सारणे कोणालाच जमण्यासारखे नव्हते. सनातन्यांत असलेला आपला मान त्यांनी मुलींच्या शाळेसाठी वापरला. ही देणगी रुपयांत मोजता येत नाही.

शिक्षण मंडळातले त्यांचे काम याहून कमी ठाऊक आहे. 1840 मध्ये स्थापन झालेल्या बोर्ड ऑफ एज्युकेशनवर नाना पुढची दीडेक दशके सभासद होते. अध्यक्ष सर अर्स्किन पेरी हे मुंबईच्या तेव्हाच्या सर्वोच्च न्यायालयाचे न्यायाधीश. पेरींचे म्हणणे असे की सरकारकडे पैसा थोडा आहे, तेव्हा तो वरच्या वर्गातल्या मोजक्यांना इंग्रजीतून उत्तम शिक्षण देण्यावर खर्च करावा. नाना इंग्रजीच्या विरोधात मुळीच नव्हते. एल्फिन्स्टनच्या उभारणीत त्यांचा मोठा वाटा होता. पण ज्याला सवड आहे आणि ऐपत आहे तोच इंग्रजी शिकू शकेल, सर्वसामान्यांपर्यंत ज्ञान पोहोचवायचे तर ते त्यांच्या भाषेतूनच पोहोचेल, असे मत त्यांनी 1847 मध्ये लेखी नोंदवले. फ्रामजी कावसजी आणि महंमद इब्राहिम मकबा हे दोघे भारतीय सभासद त्यांच्या बाजूने उभे राहिले, आणि इंग्रज अधिकारी कर्नल जार्विसही. 1854 च्या वुडच्या खलित्यात सामान्य लोकांच्या शिक्षणासाठी देशी भाषांना जागा मिळाली, त्यामागे अशा बैठकांतले हे झगडे होते.

व्यापारी माणसाने न्यायाधीशाशी शिक्षणाच्या माध्यमावर वाद घालावा, तोही सत्ता परक्यांच्या हाती असताना, हे सोपे नव्हते. शाळेला इमारत बांधून देऊन ते गप्प बसले असते तरी इतिहासाने त्यांना दानशूरच म्हटले असते.

गरिबांच्या बाजूने असेच ते सोनापूरच्या प्रश्नात उभे राहिले. गिरगावजवळची ही स्मशानभूमी हलवून शिवडीला न्यावी असा सरकारचा विचार होता. वाहने नसलेल्या त्या काळात गिरगाव-काळबादेवीच्या माणसांनी खांद्यावर तिरडी घेऊन शिवडी गाठायची म्हणजे काय, हे कागदावर आखणी करणाऱ्यांच्या लक्षात आले नव्हते. नानांनी विरोध केला आणि सोनापूर जागच्या जागी राहिले. श्रीमंताच्या प्रेतयात्रेला गाड्या मिळाल्याच असत्या. अडचण होती ती हातावर पोट असलेल्यांची.

बाकीची यादी लांबलचक आहे. 1846 मध्ये ग्रँट रोडवर नाटकघर उभे राहिले ते नानांच्या जागेवर, आणि 1853 मध्ये विष्णुदास भावे यांच्या मंडळीने तिथे मराठी खेळ केले. ग्रेट इंडियन पेनिन्सुला रेल्वेच्या दहा संचालकांत भारतीय दोनच होते, नाना आणि सर जमशेटजी जीजीभॉय. 16 एप्रिल 1853 ला बोरीबंदरहून ठाण्याला पहिली गाडी सुटली त्यामागे आठेक वर्षांचा खटाटोप होता. भायखळ्याच्या वस्तुसंग्रहालयासाठी डॉ. भाऊ दाजी लाड यांच्यासह ते झटले. 1862 मध्ये पायाभरणी झाली, दारे उघडली 1872 मध्ये. नाना 31 जुलै 1865 लाच गेले होते.

त्यांनी सर्वांत मोठा धोका पत्करला तो बाँबे असोसिएशनच्या वेळी. 26 ऑगस्ट 1852 रोजी हिंदू, पारशी, मुसलमान, ज्यू अशा सगळ्यांना एकत्र घेऊन ही संस्था स्थापन झाली आणि नाना अध्यक्ष झाले. ईस्ट इंडिया कंपनीच्या सनदेचे नूतनीकरण तोंडावर होते. राज्यकारभार खर्चिक आहे, त्यात इथल्या लोकांना स्थान नाही, असे सांगणारा अर्ज या संस्थेने थेट ब्रिटिश पार्लमेंटकडे पाठवला. सरकारदरबारी मान असलेल्या सावकाराने सरकारचीच तक्रार सरकारच्या वरिष्ठांकडे करावी! पाच वर्षांनी 1857 च्या उठावात नानांवरही संशयाची सावली पडली. त्यातून काही निष्पन्न झाले नाही, आणि 1862 मध्ये ते मुंबईच्या कायदे मंडळावर नेमले गेले. पण त्या मधल्या काळात एखाद्या भित्र्या व्यापाऱ्याने सगळ्या समित्यांचे राजीनामे देऊन पेढीवर बसणे पसंत केले असते.

आज दानाला कायद्याचीही जोड आहे. 2013 च्या कंपनी कायद्यानुसार ठराविक आकारापुढच्या कंपन्यांना गेल्या तीन वर्षांच्या सरासरी नफ्याचे दोन टक्के सामाजिक कामांवर खर्च करावे लागतात. या पैशातून शाळांना खोल्या मिळाल्या, दवाखान्यांना यंत्रे मिळाली, गावांना पाणी मिळाले. त्याचे मोल कमी लेखू नये. पण शहरात जे प्रश्न वादाचे आहेत, जिथे बाजू घ्यावी लागते, तिथे हा पैसा सहसा फिरकत नाही. वादात पडले की नाव खराब होते, ही भीती मोठ्या पेढ्यांना तेव्हाही होती आणि आताही आहे. नानांच्या आठवणीला आज जी धार आहे ती इथे.

त्यांच्या स्मरणार्थ ठेवलेली संस्कृतची शिष्यवृत्ती हुशार विद्यार्थ्यांच्या पिढ्यांनी मिळवली. 1912 च्या मॅट्रिकमध्ये पहिले येऊन ती मिळवणारे चिंतामणराव देशमुख पुढे रिझर्व्ह बँकेचे पहिले भारतीय गव्हर्नर झाले. असे स्मारक नानांना साजेसेच आहे. त्याच्या जोडीला आणखी एक व्हावे. मुंबईत पटाअभावी मराठी माध्यमाच्या शाळा एकामागून एक बंद पडत आहेत आणि त्या वाचवण्यासाठी धडपडणारे पालक-शिक्षक मूठभर आहेत. 1847 चे नानांचे ते मत मराठीत छापून अशा प्रत्येक शाळेत लावावे, आणि ज्यांच्या शब्दाला शहरात वजन आहे त्यांनी त्या पालकांच्या बैठकीत येऊन आपली बाजू नावानिशी नोंदवावी.