इबरत कोणाची?

प्राचीन अवशेष पाहिले की आपण पटकन इबरत घेतो. ती घेताना दोष कोणाच्या माथी मारतो, हे मात्र तपासत नाही.

चिलीच्या किनाऱ्यापासून सुमारे ३,५०० किलोमीटरवर, पॅसिफिक महासागरात रापा नुई हे बेट आहे. जग त्याला ईस्टर आयलंड म्हणते. एका दिवसाच्या सहलीत आपण रानो राराकूच्या खाणीतले अर्धवट कोरलेले मोआई पुतळे पाहतो, आहू टोंगारिकीवर ओळीने उभे असलेले १५ मोआई पाहतो आणि ऐकीव गोष्ट मनात घेऊन परततो: पुतळ्यांच्या हव्यासापायी या लोकांनी झाडे तोडली आणि स्वतःचाच नाश ओढवून घेतला.

झाडे गेली, हे खरे. माणसे मात्र टिकून होती. २०२४ साली प्रसिद्ध झालेल्या प्राचीन डीएनएच्या अभ्यासात सतराव्या शतकातल्या त्या कथित विनाशाची खूण सापडली नाही. विनाश आला तो १८६२-६३ मध्ये. पेरूहून आलेल्या गुलामांच्या व्यापाऱ्यांनी सुमारे १,५०० माणसे पळवली. परतलेल्या मोजक्यांबरोबर देवीची साथ आली. १८७७ मध्ये बेटावर अवघी १११ माणसे उरली होती.

‘त्यांनीच स्वतःला संपवले’ असे म्हटले की लुटणारा सुटतो. दुबळ्यांच्या दुर्दशेचे खापर त्यांच्याच डोक्यावर फोडण्याची ही रीत आपण स्वतः सोसली आहे. तरी दुसऱ्यांविषयी बोलताना आपणही तेच करतो.

२०२२ पासून तिथली बहुतेक प्राचीन स्थळे पाहताना स्थानिक वाटाड्या सोबत असावा लागतो. ज्यांना आपण नामशेष समजत होतो, त्यांचाच वारस आपल्याला वाट दाखवत असतो. इबरत घ्यायचीच असेल, तर आधी त्याचे ऐकून घ्यावे.