स्थळाची चव आणि उतारूचा अधिकार

मनुष्य घर सोडून लांब गेला म्हणजे त्यास एक निराळीच भूक लागते. ती पोटाची नसते. पोटाची भूक भागविण्याची तजवीज आजकालच्या सफरी आगबोटींवर इतकी चोख ठेवलेली असते की, सात दिवसांच्या प्रवासात खरी भूक म्हणजे काय याचा बहुतेक उतारूंस विसर पडावा. आइस्क्रीम तर तेथे मागेल त्यास मागेल तितके, आणि तेही बहुधा तिकिटाच्या पैशांतच मिळते. असे असता बोट हवाई बेटांपैकी एखाद्या बंदरास लागून शिडी खाली सोडली गेली, की तीच मंडळी उन्हातान्हातून वाट काढीत, रांगेत तिष्ठत, पदरचे पैसे मोडून किसलेल्या बर्फाचा एक रंगीत गोळा विकत घेतात. आणि तो हाती पडला म्हणजे बोटीवरच्या साऱ्या पंचपक्वान्नांहून त्यास अधिक मानतात. का, म्हणून विचारले तर उत्तर ठरलेले असते : ‘हे येथले आहे.’

हे उत्तर दिसावयास जितके सरळ तितके ते नाही. एखादी वस्तू ‘येथली’ केव्हा होते, हा त्यातला पहिला प्रश्न. आणि जी वस्तू येथली म्हणून आपण शोधीत फिरतो, तिच्यावर आठ तासांसाठी किनाऱ्यावर उतरलेल्या आपला अधिकार कोणता, हा दुसरा. पहिला प्रश्न मौजेचा आहे. दुसरा तसा नाही.

ज्या पदार्थाविषयी आम्ही बोलत आहो, त्यास हवाईत ‘शेव्ह आइस’ म्हणतात. हिलो गावचे लोक मात्र शब्द उलटवून ‘आइस शेव्ह’ म्हणतात, व आपलेच म्हणणे बरोबर आहे असे त्यांना वाटते. आपल्याकडील गोळ्यासारखे ते भरड नसते. पात्याने बर्फाचे इतके तलम पापुद्रे काढतात की, वर ओतलेला पाक तळाशी न जाता त्यातच मुरून राहतो. कागदी द्रोणाच्या बुडाशी आइस्क्रीम, कित्येकदा साखरेत शिजविलेले अझुकी नावाचे तांबडे कडधान्य, माथ्यावर आटीव दुधाची धार, आणि आवड असल्यास ‘ली हिंग मुई’ची, म्हणजे मिठात मुरवून वाळविलेल्या आलुबुखाराची, आंबटगोड पूड. चव उत्तम असते, असे खाल्लेले सांगतात, आणि त्यावर विश्वास न ठेवण्याचे कारण आम्हांस दिसत नाही.

आता यातले ‘येथले’ काय ते पाहू लागले तर हाती फारसे काही लागत नाही. बर्फ किसून गोड पाकासह खाण्याची रीत जपानची. सुमारे हजार वर्षांपूर्वी त्या देशाच्या राजदरबारातील सेई शोनागोन या विदुषीने अभिजात वस्तूंची जी यादी केली, तीत नव्या धातुपात्रातील, वेलीच्या गोड रसाने माखलेले किसलेले बर्फ आहे. आलुबुखार चिनी. आइस्क्रीम पाश्चात्त्यांचे. राहता राहिली साखर. तिच्यापायी तर या बेटांचा सारा इतिहास फिरला. परंतु माऊई बेटावरील पुउनेने येथील शेवटचा मोठा साखर-कारखाना डिसेंबर २०१६ मध्ये बंद झाला, आणि तेव्हापासून द्रोणातल्या पाकाची साखरही बाहेरूनच येते. ज्या बर्फास बेटावरचे नसलेले म्हणावे, त्याचेच कूळ तेवढे येथे सापडते, ही त्यातली गंमत. ४,२०५ मीटर उंचीच्या मौना केआ शिखरावर हिवाळ्यात हिम पडते; तेथे पोलिआहू नावाची हिमदेवता नांदते अशी मूळच्या रहिवाशांची श्रद्धा; आणि हिमास त्यांच्या भाषेत ‘हाऊ’ हा जुना शब्द आहे. कुऱ्हाडीच्या पात्यांसाठी कठीण दगड आणावयास ते लोक त्या पर्वतावर फार उंचापर्यंत चढत. त्यांनी ते हिम पाहिले, तुडविले, त्यास देवत्व दिले. त्यावर पाक ओतण्याची कल्पना मात्र दुसऱ्यांची.

बर्फ उष्ण बेटावर प्रथम विकावयास नेले तेव्हा काय झाले, याची एक हकीकत येथे सांगण्याजोगी आहे. १८०६ साली बोस्टनच्या फ्रेडरिक ट्यूडर या तरुण व्यापाऱ्याने सुमारे १३० टन बर्फ गलबतात भरून कॅरिबियन समुद्रातील मार्तिनिक बेटास नेले. सेंट पिएर गावच्या लोकांस त्याचे काय करावे हे कळेना. एकाने ते भर उन्हात रस्त्याने घरी नेले व वितळले म्हणून तक्रार केली, एकाने पाण्याच्या पिंपात ठेवले, एकाने मिठात. ट्यूडरला पुष्कळ तोटा झाला. मात्र तेथल्या एका उपाहारगृहाच्या मालकास त्याने त्या बर्फाचे आइस्क्रीम करून दाखविले, आणि ते पहिल्याच रात्री हातोहात खपले. हाच ट्यूडर पुढे इकडे वळला. १८३३ साली त्याचे ‘टस्कनी’ जहाज १८० टन बर्फ घेऊन कलकत्त्यास निघाले व सुमारे १०० टन घेऊन पोहोचले. आणि पुढल्याच वर्षी, १८३४ साली, मुंबईत जमशेटजी जिजीभाई यांनी आपल्या पाहुण्यांस मेजवानीत आइस्क्रीम वाढले. यजमानासह मंडळींस पडसे झाले, हा योग्य दंडच झाला, अशा आशयाचा शेरा त्या वेळच्या एका गुजराती पत्राने मारल्याचे सांगतात. ज्या चौपाटीवरील गोळ्यास आपण अगदी आपला समजतो, त्याचेही पूर्वज असे परदेशी तळ्यातून कापून आणलेले आहेत!

तेव्हा उगम हा ‘येथलेपणा’चा निकष धरला, तर जगात येथले असे काहीच उरत नाही. पण उगम शोधणारे शहाणे येथे थांबतात आणि ‘सारेच उसने, सारेच खोटे’ असा निकाल देऊन मोकळे होतात, तो आम्हांस पटत नाही. वस्तू कोठून आली यापेक्षा ती कोणी, कोणत्या स्थितीत आपलीशी केली, हे अधिक महत्त्वाचे आहे. हवाईत बर्फ किसू लागले ते राजदरबारी लोक नव्हेत. १८८५ साली करारबद्ध जपानी मजुरांचे पहिले मोठे जहाज होनोलुलूस आले. त्यावर नऊशेंहून अधिक माणसे होती. महिन्यास सव्वीस दिवस काम, शेतात दिवसाचे दहा तास, कारखान्यात बारा. मजुराची ओळख नावाने नव्हे, तर गळ्यातल्या धातूच्या बिल्ल्यावरील आकड्याने. आमच्या कोकणातून मॉरिशसच्या उसात गेलेल्या लोकांच्या वंशजांस यातले बरेच ओळखीचे वाटेल. हवाईतील हे करार १९०० साली कायद्याने रद्द झाले. या मजुरांच्या वस्त्यांत, चिनी, पोर्तुगीज, कोरियन, फिलिपिनो शेजाऱ्यांच्या संगतीत, दरबारातला तो पदार्थ उन्हात राबून आलेल्या माणसाच्या हाती आला. आणि शेजाऱ्याने दिलेले जे जे काही होते ते त्यात पडत गेले. एकाच द्रोणात अझुकी आणि आलुबुखार नांदतात याचे कारण हे आहे. आम्ही यास खऱ्या अर्थाने स्थानिक म्हणू.

आणि मौज अशी की, ‘लोकल’ हा शब्द त्या बेटांवरचे लोकही वापरतात, परंतु निराळ्या अर्थाने. उतारूच्या तोंडी तो वस्तूचा गुण आहे : लोकल फळ, लोकल नाच, लोकल बर्फ. बेटावरच्या माणसाच्या तोंडी तो माणसांचा नातेसंबंध आहे. मळ्यांवरील मजुरांची जी संतती तेथे पिढ्यान्‌पिढ्या एकत्र वाढली, ती ‘लोकल’. आणि मूळचा हवाइयन तो हवाइयनच, त्यास हा शब्द पुरेसा नाही. म्हणजे ज्या शब्दाने उतारू पदार्थ मागतो, त्याच शब्दाने दुकानदार स्वतःची ओळख सांगत असतो. आणि दोघांची गाठ पडूनही भेट होत नाही.

आमचे एक स्नेही दोन वर्षांपूर्वी ही सफर करून आले. त्यांच्यापाशी आम्ही हा विषय काढला तेव्हा ते हसून म्हणाले, “अहो, हिलोच्या त्या दुकानदारीण बाईंना गिऱ्हाईक हवे होते, इतिहासकार नव्हे. मी पैसे दिले, त्यांनी द्रोण दिला, दोघेही खूष. तुम्ही त्यात बिल्ले आणि करार कशाला कालविता?” हे म्हणणे हसण्यावारी नेण्याजोगे नाही. आनंदाच्या प्रत्येक घोटापूर्वी परीक्षा द्यावी असे म्हणणारा मनुष्य स्वतः तर सुखी होत नाहीच, पण दुकानदाराचाही धंदा बुडवितो. ज्या मुलास पावभाजीचा इतिहास ठाऊक नाही त्याने ती खाऊ नये, असे कोण म्हणेल? परंतु आमच्या स्नेह्यांच्या युक्तिवादात एक पळवाट आहे. नुसता गोड गारवा हवा होता तर तो बोटीवर फुकट होता. त्यांनी पैसे मोजले ते ‘येथलेपणा’साठी. ज्या गुणासाठी किंमत मोजली, त्या गुणाविषयीच बेफिकीर राहणे हे बरे नव्हे.

उतारूची दुसरी जात याच्या उलट असते. तिला सारे अस्सल लागते. दुकान जुने हवे, पत्रा गंजका हवा, फळी वाकडी हवी. दुकानदाराने नवी काच बसविली तर ही मंडळी हळहळतात. आम्हांस पहिल्या जातीपेक्षा हिची भीती अधिक वाटते. पहिला निदान जसे मिळेल तसे खातो. हा दुसरा मात्र लोकांनी आपल्यासाठी कालच्याच दिवसात राहावे अशी अपेक्षा धरतो. आपल्या मालवणकडील घरोघर आता असे पाहुणे येतात, आणि यजमानीण गॅसवर भाकरी भाजताना दिसली तर चुलीची चौकशी करितात. ती चूल फुंकून फुंकून कोणाचे डोळे गेले, हे त्यांच्या गावी नसते.

पाहुणे हा शब्द आम्ही सवयीने लिहून गेलो; पण तो येथे लागू पडतो काय? आपल्या भाषेत अतिथी म्हणजे ज्याच्या येण्यास तिथी नाही तो. त्याचे येणे अवचित असते, म्हणूनच त्याचा मान मोठा. सफरी बोटीच्या उतारूची तिथीच काय, पण घटका-पळेही वर्षभर आधी छापलेली असतात. तो घरात येतो, पण घरच्यांनी बोलाविलेला नसतो. तो दाम मोजतो, म्हणजे त्याचे नाते गिऱ्हाइकाचे. आणि तरीही स्वागत मात्र अतिथीचे व्हावे, गळ्यात फुलांची माळ पडावी, घरच्या माणसांसाठी केलेले आपल्या पानात पडावे, अशी त्याची इच्छा असते. गिऱ्हाइकाचा हक्क आणि अतिथीचा मान ही दोन्ही एकाच वेळी मागणे, हा आमच्या मते या सगळ्या व्यवहारातील मूळ दोष आहे. गिऱ्हाइकाने गिऱ्हाईक म्हणून राहण्यात कमीपणा काहीच नाही. रांगेत आपल्या पाळीने उभे राहावे, मागच्या शाळकरी पोराचा खोळंबा करून छायाचित्रे काढीत बसू नये, पैसे चोख द्यावे. इतके करणारा मनुष्य प्रेमाचे सोंग आणणाऱ्यापेक्षा त्या गावावर अधिक उपकार करतो.

पण गिऱ्हाइकांचीच संख्या इतकी झाली तर? सुमारे १४ लाख वस्तीच्या त्या बेटांवर २०१९ साली १ कोटीहून अधिक प्रवासी आले. हा आकडा नुसता गर्दीचा नाही. घरांच्या भाड्याचा, पाण्याचा, जमिनीचा आहे. त्याचा खरा अर्थ २०२३ च्या ऑगस्टात दिसला. ८ तारखेस माऊईवरील लाहैना हे एके काळचे राजधानीचे गाव आगीत भस्मसात झाले व शंभराहून अधिक माणसे दगावली. एकेकाळच्या मळ्यांच्या पडीक जमिनींवर माजलेले परदेशी गवत त्या वणव्यास इंधन झाले होते. बेघर झालेली कुटुंबे हॉटेलांच्या खोल्यांत राहत होती. आणि अशात ८ ऑक्टोबरपासून पश्चिम माऊई प्रवाशांस पुन्हा खुली करण्याचे राज्यपालांनी ठरविले. हजारो रहिवाशांनी सह्या करून विनविले की, आम्हांस रडावयास थोडा अवधी द्या. उलट पक्षी, प्रवासी आले नाहीत तर जळालेल्या घराचे हप्ते कोठून फेडू, असे विचारणारेही त्याच गावचे होते. एकाच घरातील भाऊ-बहिणींनी यात दोन बाजू घेतल्या असल्या तर आम्हांस नवल वाटणार नाही. ज्याचे दुःख त्याच्या पोटाच्या आड येते, त्याच्या दोन्ही बोलण्यांत खोटे काही नसते.

याच्याही पलीकडे जाणारा एक आवाज आहे, आणि तो टाळून हा लेख पुरा करणे अप्रामाणिकपणाचे होईल. हौनानी-के ट्रास्क या हवाई विद्यापीठातील प्राध्यापिका व हवाइयन स्वातंत्र्यवादी लेखिका २०२१ साली वारल्या. १९९३ साली प्रसिद्ध झालेल्या त्यांच्या निबंधसंग्रहात प्रवाशांस उद्देशून स्पष्ट विनंती आहे : आमच्या मायभूमीत येण्याचा विचार असेल तर कृपा करून येऊ नका. त्याच वर्षी अमेरिकेच्या काँग्रेसने १८९३ सालच्या राज्यक्रांतीबद्दल, राणी लिलिउओकलानी हिला पदच्युत करण्यातील अमेरिकेच्या हाताबद्दल, ठरावाने क्षमा मागितली होती. पण क्षमेबरोबर जमीन परत मिळाली नाही. ट्रास्कबाई पुढे तर असेही म्हणाल्या की, ज्यांना ‘लोकल’ म्हणतात ती मजुरांची संततीही हवाइयनांच्या भूमीवर वसाहत करणारीच आहे. म्हणजे ज्या द्रोणास आम्ही वर खऱ्या अर्थाने स्थानिक म्हटले, तोही त्यांच्या न्यायासनापुढे निर्दोष सुटत नाही.

आम्ही त्यांच्याशी सर्वस्वी सहमत नाही. गळ्यात बिल्ला घालून आलेल्या मजुरास आणि मळ्याच्या धन्यास एकाच मापाने मोजणे आम्हांस जड जाते. तथापि, ‘येऊ नका’ असे घरच्या माणसाने म्हटल्यावर, ‘पण तुमच्याकडील पदार्थ फार छान असतो’ हे त्याचे उत्तर होऊ शकत नाही, इतके आम्हांस समजते. आमच्या स्नेह्यांस आम्ही तो निबंध वाचावयास दिला. त्यांनी तो नेटाने वाचला. परत देताना म्हणाले, “बाईंचे खरे असेल. पण मग हिलोच्या त्या दुकानदारीणबाईंनी काय करावे, ते यात कोठे लिहिले आहे?” पुढील हिवाळ्यात मुलांस घेऊन पुन्हा जाण्याचा त्यांचा बेत आहे, आणि आमच्यासाठी दोन तिकिटे काढावीत काय, असे त्यांनी पत्राने विचारले आहे. ते पत्र आठ दिवस मेजावर पडून आहे.