दंड भरला, दोष गेला?

सुरतेच्या दक्षिणेकडल्या नवागाम-डिंडोली पट्ट्यात खानदेशातून आलेल्या कष्टकऱ्यांची दाट वस्ती आहे. मुलाचं लग्न ठरलं की वर एक खोली चढते. परवानगीचा कागद मागे राहतो. गुजरात सरकारने 2011मध्ये आणि पुन्हा 2022मध्ये कायदा करून अशी बांधकामं 'इम्पॅक्ट फी' घेऊन नियमित करायची वाट काढली.

पण पैसे भरले म्हणजे चूक धुतली जाते का?

धर्मशास्त्रात दंड वेगळा आणि प्रायश्चित्त वेगळं. दंड राजा घेतो. प्रायश्चित्त माणूस स्वतः घेतो, त्यात पश्चात्ताप असतो. भारतरत्न पां. वा. काणे यांनी धर्मशास्त्राच्या इतिहासात या विषयाला मोठी जागा दिली. वास्तुशांतीतही घर बांधताना जमिनीला, झाडांना, जीवांना झालेल्या इजेची शांती मागतात. मग ज्या शेजाऱ्याचा उजेड अडला, त्याची क्षमा कोण मागणार?

आणि नियम मोडल्याची किंमत उजेडापुरती राहत नाही. 24 मे 2019 रोजी सुरतेतच, सरथाण्याच्या तक्षशिला आर्केडला आग लागली आणि वरच्या मजल्यावरच्या वर्गातली 22 मुलं-माणसं गेली. 4 एप्रिल 2013ला मुंब्र्याजवळ बेकायदा इमारत कोसळून 74 जण दगावले. अग्निसुरक्षा आणि इमारतीची मजबुती नसेल तर 2022चा कायदाही बांधकाम नियमित करत नाही, आणि हे योग्यच आहे. गरिबाची खोली वाचावी, यात शंका नाही. पण पावतीबरोबर जिना रुंद करणं, खांब तपासून घेणं, शेजाऱ्याची खिडकी मोकळी करणं हेच खरं प्रायश्चित्त. ते घरमालकानेच करायचं आहे.