वार्धक्य हे उत्तर नव्हे

घरातील वृद्धाचे पाय लटपटू लागले म्हणजे आपण बहुधा एकच उत्तर देतो, "आता वय झाले." हे उत्तर खरे आहे की केवळ सोयीचे, हा प्रश्न आम्ही आज वाचकांपुढे ठेवितो.

गुइलेन-बॅरे नावाचा एक विकार आहे. त्याचे वर्णन फ्रान्सातील तीन वैद्यांनी १९१६ साली केले. पुष्कळदा जुलाब किंवा ताप येऊन गेल्यावर शरीराची रक्षण करणारी शक्तीच आपल्या मज्जातंतूंस शत्रू समजून त्यांवर तुटून पडते. अशक्तपणा बहुधा पावलांत सुरू होतो व वर चढत जातो. काहींचा श्वासही कोंडतो. १९२५ नव्हे, अगदी अलीकडे, २०२५ च्या जानेवारीत पुण्याच्या सिंहगड रस्त्याकडील भागांत या विकाराची साथ उठली व दोनशेहून अधिक संशयित रोगी आढळले. एरवी लाख माणसांत वर्षाला एखाददुसऱ्यासच तो होतो. परंतु वय वाढते तसा त्याचा संभवही वाढतो. म्हणजे ज्या वयाकडे बोट दाखवून आपण शंका सोडून देतो, त्याच वयामुळे ती अधिक धरावयास पाहिजे.

डॉक्टर गुडघ्यावर हातोडी मारून पाहतात, मज्जातंतूंची विजेने परीक्षा करितात, पाठीच्या कण्यातील पाणी तपासतात. परंतु कालचा मनुष्य त्यांनी पाहिलेला नसतो. तो घरच्यांनी पाहिलेला असतो. "मागल्या आठवड्यात बाबा जिंतूरच्या बाजारी पायी गेले होते, आज उंबरठा ओलांडवत नाही," ही साक्ष सुनेने किंवा शेजाऱ्यानेच द्यावयाची. वार्धक्य चार दिवसांत येत नाही. ही साक्ष लवकर मिळणे अगत्याचे आहे, कारण शिरेतून द्यावयाचे औषध अथवा रक्तद्रव बदलण्याचा उपाय पहिल्या दोन आठवड्यांत अधिक गुणकारी ठरतो.

कोणी म्हणेल, पिकल्या पानासाठी सालाचे उत्पन्न का घालवावे? उपाय महाग आहे हे आम्ही नाकारीत नाही. पण हा प्रश्न रोग कळल्यावर, आणि त्या वृद्धास विचारूनच, सोडवावयाचा आहे. रोग कळूनही उपाय न परवडणे ही गरिबी होय. न विचारताच "वय झाले" म्हणणे हा अन्याय होय. प्रत्येक थरथर हा विकार नसतो हे खरे. तरी केव्हापासून, कोठून व किती लवकर, हे तीन प्रश्न विचारावयास दमडीही लागत नाही.