जरा आणि उद्यान

देवांना म्हातारपण नाही, हे आपल्या शिल्पकारांनी इतक्या निःशंकपणे गृहीत धरलेले होते, की वेरूळच्या डोंगरात शतकानुशतके छिन्नी चालूनही प्रसन्न देवतेच्या मुखावर एक सुरकुती उमटलेली आढळत नाही. आणि जेथे देह झिजलेला दाखविला आहे, तेथे तो भयोत्पादनासाठी, जाणूनबुजून दाखविलेला आहे. रामेश्वर नावाच्या एकविसाव्या लेण्याच्या दर्शनी भागात मकरावर उभी असलेली गंगा यौवनभाराने किंचित झुकलेली आहे, आणि त्याच लेण्यात आत गेले म्हणजे बरगड्या मोजता याव्यात अशी अस्थिपंजर काली दृष्टीस पडते. मधले वय तेथे कोणालाच नाही. अजिंठ्याच्या सव्विसाव्या लेण्यातील महापरिनिर्वाणाचे शिल्प तर याहून विलक्षण आहे. परंपरेने ऐंशी वर्षांचा मानलेला, आपला देह जुन्या गाड्याप्रमाणे कसाबसा चालतो आहे असे शिष्याला स्वमुखाने सांगणारा बुद्ध तेथे सुमारे सात मीटर लांबीच्या शिळेत उजव्या कुशीवर पहुडलेला आहे, परंतु त्याचा चेहरा विशीतल्या राजपुत्राला शोभावा असा नितळ आहे. शिल्पकार उशापायथ्याशी दोन शालवृक्ष कोरायला मात्र विसरला नाही. अकाली फुललेल्या शालवनाची ती कथा आहे, आणि मरणाऱ्याच्या वार्धक्याविषयी जे देह सांगत नाही, ते सांगण्याचे काम तेथे झाडांकडे आलेले आहे.

वेरूळचा घाट चढून खुलताबादच्या वेशीशी आले, की हाच प्रश्न निराळ्या पेहरावात समोर येतो. सूफी संतांच्या दर्ग्यांमुळे पूर्वी रौजा म्हणून ओळखल्या जाणाऱ्या या गावाच्या परिसरात बुऱ्हाणुद्दीन गरीब आणि जैनुद्दीन शिराझी यांचे दर्गे आहेत, मलिक अंबराची कबर आहे, पहिल्या निजामाची आहे, आणि तटबंदीच्या आत मधोमध कबर असलेली बनी बेगमेची बागही आहे. कबरीभोवती बाग रचण्याच्या या कल्पनेमागे स्वर्गाचे एक निश्चित चित्र आहे. त्या स्वर्गात झरे वाहतात, फळे तुटत नाहीत, आणि तेथे गेलेल्या मनुष्याला पुन्हा वय चढत नाही. येथून पंचवीस किलोमीटरांच्या आसपास, छत्रपती संभाजीनगरात, 1657 मध्ये निवर्तलेल्या दिलरसबानू या औरंगजेबाच्या बेगमेसाठी उभारलेला बिबीका मकबरा चारबागेच्या त्याच आराखड्यावर बेतलेला आहे. मला मात्र या योजनेत एक मोठी विसंगती दिसते, आणि ती कोणा एका धर्माची नाही. अजरत्वाची ग्वाही द्यायला ज्या कलेला पाचारण केले, ती बागेची कला सर्व कलांमध्ये सर्वांत लवकर म्हातारी होणारी कला आहे. दगडाला हजार वर्षे लागतात, रंगाला काही शतके. बागेला एक अवर्षण पुरते. पाटाचे पाणी आटले, माळ्याचा तनखा थकला, इनामाची सनद वादात पडली, की स्वर्गात गाजरगवत माजते.

ही विसंगती जणू ओळखूनच की काय, औरंगजेबाने आपल्यासाठी बाग नाकारली. 3 मार्च 1707 रोजी अहमदनगरजवळ वयाच्या 88 व्या वर्षी तो मरण पावला, आणि त्याचा देह खुलताबादेस आणून जैनुद्दीन शिराझींच्या दर्ग्याच्या आवारात, उघड्या आकाशाखाली, नुसत्या मातीत ठेवण्यात आला. टोप्या शिवून मिळविलेल्या चार रुपये दोन आण्यांतून कफनाचा खर्च भागवावा, अशी त्याची तजवीज होती असे सांगतात. मातीवर सब्जा वाढतो, म्हणजे तुळशीच्याच कुळातले एक रोप. समाधीवर वृंदावन बांधणाऱ्या मराठी माणसाला हे दृश्य अपरिचित वाटू नये. औरंगजेबाची बहीण जहांआरा हिची दिल्लीतील कबरही अशीच उघडी, मातीने भरलेली आहे.

पण या साधेपणाला आपण किती किंमत द्यावी? ज्याने आयुष्याची अखेरची पंचवीस वर्षे दक्षिणेच्या मोहिमेत घालविली, 1689 मध्ये संभाजीराजांची क्रूर हत्या करविली, आणि ज्याच्या छावणीच्या वाटेवरची गावे उजाड झाली, त्याचा हिशेब सव्वाचार रुपयांच्या आतल्या कफनाने चुकता होत नाही. साधेपणा हाही बादशहाचा एक अलंकार असू शकतो. तरीसुद्धा उतारवयातील त्याची जी लघुचित्रे उपलब्ध आहेत, त्यांत पाठीला बाक आलेला, पांढऱ्या दाढीचा, पोथीवर वाकलेला म्हातारा पाहताना माझे मन थोडे नरमते, हे मान्य केले पाहिजे. मोगल चित्रकार देवांसाठी चित्रे काढीत नव्हते, दरबारासाठी काढीत होते. म्हणून त्यांना सुरकुती दिसली. ज्या 1618 साली औरंगजेब जन्मला, त्याच साली जहांगीराने अफूने खंगलेल्या इनायतखान या आपल्या दरबाऱ्याचे मरणोन्मुख चित्र काढविले. पुढे हॉलंडात रेंब्रांट मोगल चित्रांच्या नकला उतरीत होता आणि स्वतःचा ढासळता चेहरा आरशात पाहून पुनःपुन्हा रंगवीत होता.

जपानी उद्यानकारांनी तर वृक्षाचे वार्धक्य हेच सौंदर्य मानले. वाकलेल्या पाइन वृक्षाच्या फांद्यांना ते टेकू देतात आणि तो टेकू लपवीत नाहीत. आपल्या परंपरेत असे उद्यान नाही. संस्कृत काव्यातले उपवन तरुणांचे, वृद्धासाठी शास्त्राने वानप्रस्थ सांगितला, म्हणजे न राखलेले अरण्य. ज्ञानदेवांनी ज्ञानेश्वरीच्या तेराव्या अध्यायात जरेचे जे निर्दय, तपशीलवार वर्णन केले आहे, त्याला मराठीत तोड नाही, आणि ते विशीच्या आतबाहेरच्या मुलाने केले आहे, याचे आश्चर्य मला अद्याप ओसरलेले नाही. वैराग्यासाठी ते योग्यच. पण त्या म्हाताऱ्याने बसावे कोठे, हे तेथे सांगितलेले नाही.

त्याचे एक उत्तर लोकांनी, शास्त्रकारांना न विचारता, खुलताबादेतच देऊन ठेवले आहे. भद्रा मारुतीच्या देवळात हनुमान उभा नाही, झेप घेत नाही. तो आडवा निजलेला आहे. भद्रसेन राजाची रामभक्तीची गाणी ऐकता ऐकता तो येथे पहुडला आणि भावसमाधीत गेला, अशी कथा आहे. सात चिरंजीवांपैकी एक, ज्याला वय चढणारच नाही, त्याला पडून राहण्याची मुभा देणारी ही मूर्ती वेरूळच्या कोणत्याही नियमात बसत नाही. आणि हनुमानजयंतीला रात्रभर पायी चालून येणाऱ्या, गुडघे धरून पायऱ्या चढणाऱ्या म्हाताऱ्यांना त्यात वावगे काही आहे असे वाटत नाही.